घोड्याच्या गाठीला बिब्बा नको

आपल्याकडे माणसाला चामखीळ आली की घोड्याच्या शेपटीचा केस आणून ती घट्ट बांधायची जुनी रीत आहे. त्या एका केसासाठी टांग्याच्या अड्ड्यावर येणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आले. घोडेवालाही हसत हसत केस उपटून देतो. त्याच शेपटीखाली घोड्याला स्वतःला काय झालंय ते बघायची रीत मात्र कुणी पाडली नाही.

मी घोड्यांची डॉक्टर आहे. नाशिक, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात माझं काम चालतं. वरातीचे घोडे, टांग्यांचे उरलेसुरले घोडे, हौशी शेतकऱ्यांनी बंगल्यापुढे बांधलेले मारवाडी आणि काठेवाडी, मेंढपाळांची तट्टं, असे माझे पेशंट. पोटदुखीसाठी मला रात्री-अपरात्री फोन येतात, लंगडण्यासाठी येतात, घोडी अडली तर येतात. कातडीवरच्या गाठीसाठी फोन येत नाही. दुसऱ्या कामाला गेले की जाता जाता ती दाखवली जाते. "ताई, एवढी एक चामखीळ आहे बघा. काय लावू?" तोवर बरंच काही लावून झालेलं असतं.

माझं उत्तर ठरलेलं आहे, आणि ते सविस्तर सांगण्यासाठीच हा लेख. काही लावू नका. एक तर पुरता उपचार करा, नाहीतर गाठीला बोटही लावू नका. या आजारात अर्धवट उपचाराइतकं घातक दुसरं काही नाही.

धुळ्याजवळच्या एका गावातली घोडी सांगते. कुमैत रंगाची, सहा वर्षांची, वरातीची. पुढच्या डाव्या कोपराच्या मागे, जिथे तंग घासतो तिथे, तिला आधी रुपयाएवढा चट्टा पडला होता. केस गेलेले, कातडी खरखरीत, दुखणं नाही की खाज नाही. मालकानं नायटा समजून गंधकाचं मलम लावलं. काही महिन्यांनी चट्ट्याच्या मधोमध दाणा आला. शेजारच्या म्हाताऱ्यानं बिब्बा सुचवला. बिब्ब्यानं कातडी भाजली, दाणा गळून पडला, आणि सगळ्यांना वाटलं, झालं काम. दीड महिन्यात त्याच जागी डाळिंब फोडल्यासारखं लाल, दाणेदार मांस वर आलं. मग कुणीतरी बॅटरीचं ॲसिड आणून दिलं. मी पाहिली तेव्हा ती गाठ माझ्या मुठीहून मोठी होती, वरून ओली, घाण वास येणारी, माशांनी भरलेली. खरारा लागला की रक्त यायचं. लग्नसराई जोरात होती, म्हणून तंगाखाली जुन्या सतरंजीची घडी घालून घोडी कामावर जात होती. मालक वाईट माणूस नव्हता. घडी त्यानं रोज धुऊन वाळवलेली होती. "पण बिब्ब्यानं गेली होती की ताई," तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

गेली नव्हती. वरचा भाग गेला होता, आणि खाली जे झोपलेलं होतं ते जागं झालं होतं.

या गाठीला सार्कॉइड म्हणतात. घोडा, गाढव, खेचर या सगळ्यांत कातडीची सर्वांत जास्त आढळणारी गाठ हीच. १९३६ साली दक्षिण आफ्रिकेत जॅक्सन नावाच्या पशुवैद्यानं तिचं पहिलं नीट वर्णन केलं. पुढे कळलं की यामागे गाई-बैलांना चामखिळी आणणारा विषाणू आहे. गाईची चामखीळ बहुधा काही महिन्यांत आपली आपण झडते. घोड्याच्या कातडीत तो विषाणू स्वतः धड वाढत नाही, पण पेशींमध्ये मुक्काम ठोकतो आणि त्यांना वाढतं ठेवतो. एका जनावरावरून दुसऱ्यावर तो माशा नेत असाव्यात असा दाट संशय आहे. आपल्याकडे घोडा बांधलेला असतो तो गोठ्यातच, बैलांच्या शेजारी, आणि माशांना काही तोटा नाही. सगळ्याच घोड्यांना हा आजार होत नाही, त्यात वंशाचाही भाग आहे. ज्याला व्हायचा त्याला मात्र जखमेची, ओरखड्याची, घासलेल्या कातडीची जागा पुरते. पायावरच्या जखमेत वाढलेलं मांस म्हणून जे आपण महिनोन्महिने मोरचूद लावून जाळत असतो, ते कधी कधी जखमेत शिरलेलं सार्कॉइडच निघतं.

त्याचं रूप एक नसतं. कधी नुसता बिनकेसाचा चट्टा, कधी भेगाळलेली चामखीळ, कधी कातडीखाली सरकणारी गोटी, कधी उघडं मांस. चट्टा वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. त्याला खरवडलं, डागलं, अर्धवट कापलं, की त्याचं उघड्या मांसात रूपांतर होण्याचा धोका मोठा. ही गाठ फुप्फुसात किंवा यकृतात पसरत नाही, म्हणून काही जण तिला कॅन्सर म्हणायला तयार नसतात. नाव काहीही द्या. जिथे बसते तिथून ती हटत नाही, आणि डोळ्यावर, कानाच्या मुळाशी, तंगाखाली बसली तर घोड्याचं काम संपवते.

आता बरसातीबद्दल. आपल्या भागात घोड्याची कुठलीही न भरणारी जखम 'बरसाती' म्हणून खपते. खरी बरसाती असतेच. माशा जखमेवर किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात एका जंताच्या अळ्या सोडतात, पावसाळ्याच्या सुमारास जखम चिघळते, प्रचंड खाजते, आणि दाबली तर पिवळट, कडक कण्या हाताला लागतात. आयव्हरमेक्टिन दिलं, माशा आवरल्या, की ती बसते. थंडी पडल्यावर बरीचशी आपोआपही सुकते. म्हणून मी घोडेवाल्यांना सोपा हिशेब सांगते. पावसाळ्यातली जखम दिवाळीनंतरही तशीच ओली असेल, तर तिला बरसाती म्हणणं बंद करा आणि दाखवा.

उलट, ज्यावर उपचाराची गरजच नसते त्यावर औषधं फार विकली जातात. वर्ष-दीड वर्षाच्या शिंगराच्या नाका-ओठांवर बारीक चामखिळींचं पीक येतं. तो घोड्यांचा स्वतःचा, वेगळा विषाणू. काही महिन्यांत त्या सगळ्या झडून जातात. तेवढ्या काळात होमिओपॅथीच्या थुजाच्या साखरगोळ्या चालू असतील तर श्रेय थुजाला मिळतं. गोळ्यांनी शिंगराचं काही बिघडत नाही, माझी त्याला हरकतही नाही. पण त्या यशाच्या जोरावर पुढे दहा वर्षांच्या घोड्याच्या सार्कॉइडवर थुजा चालू राहतो आणि लहान असतानाची सोन्यासारखी वेळ निघून जाते. ऑनलाइन मिळणाऱ्या परदेशी 'हर्बल' मलमांवर माझा खरा राग आहे. कातडी जाळणारी ती मलमं आहेत. बिब्बा निदान आपल्या ओळखीचा तरी आहे. वैद्यकीय मलमं नाहीत असं नाही. इंग्लंडात लिव्हरपूलला प्राध्यापक डेरेक नॉटनबेल्ट यांनी वापरात आणलेलं मलम प्रसिद्ध आहे, पण त्यात जड धातू आहेत. ते डॉक्टरनंच लावायचं असतं, मालकाच्या हातात देत नाहीत.

मग करायचं काय? जागा, आकार आणि प्रकार पाहून उपचार ठरतो. सगळं एकाच बाटलीनं जातं म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. गाठ बारीक दांडीवर लोंबत असेल आणि दांडीच्या मुळाशी बोटांना काहीच लागत नसेल, तर रबराची घट्ट रिंग पुरते. मुळाशी काही लागत असेल तर रिंगनं फक्त वरचं गळतं आणि आपण पुन्हा बिब्ब्याच्याच जागी येतो. कापायची तर दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे चांगली कातडी घेऊन कापायची, आणि गाठीला लागलेला चाकू-चिमटा निरोगी जागेत पुन्हा घालायचा नाही. नुसतं कापून टाके घातले तर कित्येक घोड्यांत गाठ परत येते, आणि येते ती आधीपेक्षा चिडून. म्हणून कापल्यावर ती जागा गोठवतात, नाहीतर तिथे औषध टोचतात.

गोठवायला लागतं लिक्विड नायट्रोजन. ऐकायला भारी वाटतं, पण तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डोकावून बघा. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या टाकीत ठेवतात, त्या टाकीत तेच असतं. गाई-म्हशींसाठी गावोगाव पोहोचलेली ही थंडी घोड्याच्या गाठीवर वापरायला वेगळा कारखाना लागत नाही. लागतो तो गाठीत टोचायचा तापमापक, गोठवून पूर्ण विरघळू देऊन पुन्हा गोठवण्याचा धीर, आणि हे एकदा शिकवणारा माणूस. शहरातले पाहुणे डॉक्टर यंत्र नाही म्हणून हात वर करतात, तेव्हा मला त्या टाक्या आठवतात.

टोचायच्या औषधांत माझा सर्वांत जास्त भरवसा सिस्प्लॅटिनवर. माणसांच्या कॅन्सरवरचं हे जुनं औषध, भारतात सहज मिळतं, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. पाण्यात टोचलं तर ते गाठीतून लगेच वाहून जातं. म्हणून निर्जंतुक तिळाच्या तेलात घुसळून त्याचं दुधासारखं मिश्रण करतात आणि दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं चार वेळा गाठीत आणि तिच्या कडेनं टोचतात. तेल औषधाला जागेवर धरून ठेवतं. (घाण्यावरचं तेल चालेल का, असं मला विचारून झालेलं आहे. नाही.) कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातले ॲलन थिओन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ ते २००४ या काळातल्या ५७३ घोड्यागाढवांचा हिशेब २००७ साली मांडला. चार वर्षांनंतरही ९३ टक्क्यांहून अधिक गाठी ताब्यात होत्या. सार्कॉइडमध्ये हा आकडा ९६ टक्के होता. माणसांच्या वैद्यकातही असा निकाल मिरवण्यासारखा ठरेल.

पण हे औषध खेळायचं नाही. ते टोचताना मी दुहेरी हातमोजे घालते, डोळ्यावर चष्मा, घोड्याला गुंगीचं इंजेक्शन, जमिनीवर सांडलेलं पुसायला वेगळा कागद. घोडा धरायला मोतद्दार एकटा, बाकी सगळे लांब. घरात गरोदर बाई असेल तर तिनं त्या काळात घोड्याच्या अंगाला, लिदीला हात लावायचा नाही. कंपाउंडरनं टोचायचं हे इंजेक्शन नाही, आणि मालकानं मेडिकलमधून आणून ठेवायचं तर अजिबात नाही.

डोळ्याच्या पापणीवर गाठ असेल तर कापायला जागाच नसते. तिथे एक अनपेक्षित औषध कामाला येतं, बीसीजी. बाळ जन्मलं की दंडावर टोचतात तीच क्षयाची लस. गाठीत टोचली की शरीराची फौज त्या जागी धावून येते आणि लसीबरोबर गाठीवरही तुटून पडते. पायावरच्या गाठींवर ती चालत नाही, कधी उलटतेही. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या डोसला घोड्याला जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते, त्यामुळे आधी त्यावरची औषधं देऊन, तयारी ठेवूनच टोचतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बीसीजी बनते, आणि १९६६ साली ती कंपनी सुरू झाली तीच मुळी पूनावालांच्या घोड्यांच्या स्टडमधून. स्टडमधले उतारवयातले घोडे सीरम काढण्यासाठी परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात, त्यावरून ती कल्पना निघाली. साप चावल्यावर आपण जे इंजेक्शन घेतो तेही घोड्याच्या रक्तातूनच येतं. "माणसांना कॅन्सरचे उपचार परवडत नाहीत, तुम्ही घोड्यांचं काय घेऊन बसलात," असं मला ऐकवणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

त्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर मात्र पैशाचंच आहे. वरातीचा घोडा हे एका कुटुंबाचं वर्षाचं पोट असतं. गाठ हरभऱ्याएवढी असताना तिचा खर्च एखाद्या वरातीच्या बिदागीत बसतो. मुठीएवढी झाली की त्या खर्चात दुसरं तट्टू येईल. धुळ्याच्या त्या घोडीला पूर्ण भूल द्यावी लागली, गाठ काढून मग सिस्प्लॅटिनचे सगळे डोस द्यावे लागले, आणि लग्नाचा अख्खा हंगाम ती खुंट्याला उभी होती. गाठ अजून परतलेली नाही. बरी झाली असं मी अजूनही म्हणत नाही.

आता पांढऱ्या घोड्याकडे येऊ, कारण या विषयात माझं समाजाशी खरं भांडण तिथे आहे.

नवरदेवाला पांढराच घोडा हवा. खंडोबाचा पांढरा, पोवाड्यातला पांढरा, सिनेमातला पांढरा, लग्नाच्या अल्बमात तर पांढराच. घोडेवाले सांगतात, कुमैताला जिथे अर्ध्या तारखा मिळतात तिथे पांढऱ्याला श्वास घ्यायला उसंत नसते. बहुतेक पांढरे घोडे जन्मतः पांढरे नसतात. शिंगरू काळं किंवा तांबडं जन्मतं, मग सब्जा, म्हणजे करडं, होतं, आणि वयात येता येता पांढरं होत जातं. कातडी खाली काळीच राहते. जगातल्या अशा सगळ्या घोड्यांत हा गुण एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या लेफ आंडरसन यांच्या गटानं २००८ साली त्यामागचा जनुकातला बदल शोधला. घोड्याला पांढरं करणारा तोच बदल त्याला मेलानोमाही देतो, म्हणजे रंगपेशींच्या काळ्या गाठी. उन्हाचा याच्याशी संबंध नाही. लिपिझानर जातीच्या २९६ पांढऱ्या घोड्यांच्या तपासणीत निम्म्यांना या गाठी होत्या, आणि पंधरा वर्षांवरच्यांत सुमारे तीन चतुर्थांश घोड्यांना.

याच्या पुढची गोष्ट २०२४ साली कळली, आणि ती आपल्या बाजारासाठी फार कडू आहे. त्या जनुकाच्या तुकड्याच्या दोन प्रती असलेले घोडे सावकाश पांढरे होतात आणि त्यांना मेलानोमा कमी होतो. तीन प्रती असलेले झपाट्यानं पांढरे होतात आणि त्यांना जास्त होतो. आपण भाव कुणाला देतो? चौथ्या-पाचव्या वर्षीच दुधासारखं दिसणाऱ्याला. पैदाशीला घोडा ठेवतो तोही त्यातलाच. बाजार वर्षानुवर्षं आजाराचीच निवड करतोय, आणि वर त्याला शुभ म्हणतोय.

या काळ्या गाठी शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, लिंगाच्या खोळीवर, ओठांत, कानाखालच्या लाळग्रंथीत येतात. शेपटी उचलली की काळ्या, चकचकीत, कडक गाठी कातडीत रुतलेल्या दिसतात. दुखत नाहीत, म्हणून घोडा तक्रार करत नाही. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, या गाठींना हात लावू नका, घोडा म्हातारपणाने मरेल तरी गाठीने मरणार नाही. तो सल्ला आता मागे पडला आहे. वाटाण्याएवढी असताना घोडा उभा ठेवून, जागा बधिर करून ती अर्ध्या तासात काढता येते. त्याच चार-पाच गाठी एकमेकींत मिसळून गुदद्वाराभोवती कडं झालं की लीद पडेनाशी होते, आणि मग कापायला निरोगी कातडीच उरत नाही. अशा घोड्याला शेवटचं इंजेक्शन देणं हाच उपचार राहतो. ते इंजेक्शन देताना मालकाच्या तोंडाकडे बघवत नाही.

नुकरा घोड्याची गोष्ट वेगळी. तो जन्मतःच पांढरा, कातडी गुलाबी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात त्याच्याभोवती सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी असते. या गुलाबी कातडीला आपलं ऊन सोसत नाही. पापण्यांवर, विशेषतः डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या पापणीवर, खवल्यांच्या पेशींचा कॅन्सर उगवतो. सुरुवातीला डोळ्यातून नुसतं पाणी येतं. मालक म्हणतो, धूळ गेली असेल. पापणी खाली ओढून बघितली तर तिच्या कडेला बारीक, खडबडीत, गुलाबी फोड दिसतो. त्या टप्प्यावर तिसरी पापणी तेवढी काढून टाकली तर डोळा वाचतो, दृष्टी वाचते. सहा महिन्यांनी येणाऱ्याचा डोळाच काढावा लागतो. हाच कॅन्सर उतारवयातल्या नरांच्या लिंगावरही येतो. तिथला वास आणि स्राव कळतो मोतद्दाराला, पण त्याबद्दल मालकाशी बोलायला तो लाजतो. लाजू नका. उपाय साधे आहेत. नुकऱ्याला भर दुपारी मंडपाबाहेर तासन्‌तास उभा करू नका, बांधायला सावली द्या, डोळ्यांवर जाळीची झापड द्या, आणि खोळ अधूनमधून कोमट पाण्यानं धुवा.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा बाजार भरतो. खरेदीला आलेला जाणकार घोड्याभोवती फिरताना बघणं हा आनंद असतो. भोवरा कुठे आहे, देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का, कानांची टोकं जुळतात का. कपाळावरचा एक भोवरा बोटभर खाली असला तर सौदा मोडतो. त्या नजरेचा मला आदर आहे, कारण केसांच्या वळणातला एवढा बारीक फरक टिपणारी नजर आमच्या कॉलेजातही शिकवत नाहीत. पण तीच नजर कोपराच्या मागे, मांडीच्या आत, पापणीच्या कडेला जात नाही. भोवऱ्यानं कुठलाही घोडा आजारी पडलेला मी पाहिलेला नाही. आणि विकणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं. शेपटीला गोंडा, छातीवर जाड पट्टा, गळ्यात घुंगरांची माळ, यातलं काय शोभेसाठी आणि काय झाकण्यासाठी, ते काढायला लावल्याशिवाय कळत नाही. एका नामांकित तबेल्यातून आलेल्या घोड्याच्या छातीवरचा पट्टा मी सोडायला लावला, तेव्हा खाली ताज्या डागणीच्या खुणा होत्या आणि त्यांच्या मधोमध मांस वर येत होतं. विकणारा म्हणाला, "पट्टा घासला असेल."

सरकारकडून मला फार काही नको. २०१२ साली देशात घोडे-तट्टं मिळून सव्वासहा लाख होते, २०१९ च्या पशुगणनेत ३ लाख ४० हजार उरले. घोडे कमी, म्हणून घोडा बघितलेले डॉक्टरही कमी. नवा पदवीधर गाईच्या गर्भाशयात हात घालताना कचरत नाही, घोड्याच्या मागे उभं राहायला घाबरतो. म्हणून श्रेणी-१ च्या प्रत्येक दवाखान्यात फॉर्मालिनची चार बुधली ठेवा. गाठीचा तुकडा परळच्या किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या विकृतीशास्त्र विभागाकडे पाठवायची ठरलेली वाट आखून द्या, आणि त्याचं उत्तर आठवड्यात फोनवर कळेल एवढं बघा. सार्कॉइडचा संशय असेल तर तुकडा घ्यायचा तोही पुढचा उपचार हाताशी ठेवूनच, हे त्या डॉक्टरांना शिकवा. सारंगखेड्याला आणि माळेगावच्या यात्रेत लसीकरणाच्या तंबूशेजारी कातडी तपासायचं एक टेबल मांडा. विक्रीच्या पावतीवर 'अंगावर गाठ आहे / नाही' एवढी एक ओळ छापा. खोटं लिहिणारे लिहितील, पण निदान घेणाऱ्याला विचारायची सवय लागेल.

एक इशारा देऊनच ठेवते. पायावर किंवा अंगावर ओळीनं गाठी येऊन फुटत असतील, पू गळत असेल, नाकातून चिकट शेंबूड येत असेल, घोडा खंगत असेल, तर ती या लेखातली गाठ नव्हे. तो ग्लँडर्स असू शकतो, माणसालाही होतो, आणि कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. २००६ साली तो महाराष्ट्रातही सापडला होता. अशा घोड्याला हात न लावता बाजूला बांधा आणि लगेच सरकारी दवाखान्यात कळवा.

बाकीच्या गाठींसाठी घोडेवाल्यांना माझी विनंती एवढीच. खरारा करताना आठवड्यातून एकदा हात सगळीकडे फिरवा: कानांच्या मुळाशी, पापण्यांवर, कोपरामागे, मांड्यांच्या आत, खोळीवर, शेपटीखाली. काही लागलं तर शेजारी एक रुपयाचं नाणं धरून मोबाइलवर फोटो काढा आणि महिन्यानं पुन्हा तसाच काढा. वाढलेली दिसली, ओली झाली, रक्त आलं, की त्यावर काहीही न लावता डॉक्टरला बोलवा. जवळ कुणी नसेल तर फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे. फोन करताना जनावर घोडा आहे हे आधी सांगा, म्हणजे गाडी गाईची औषधं घेऊन येणार नाही.